पॉवर बँकवरून टॅब चार्ज करायचाय? एमएएच सोडा, वॉट बघा

मागच्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला, "मामा, टॅबवर चार्जिंगची खूण दिसतेय पण टक्के खाली खाली चाललेत." ती केज तालुक्यातल्या एका गावात असते, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची तयारी चालूय, सगळी लेक्चरं टॅबवर, आणि तिकडे चार थेंब पडले की लाईट जाते आणि परत कधी येईल ते त्या डीपीलाच माहीत. पॉवर बँक मीच घेऊन दिलेली, दहा हजार एमएएचवाली (एमएएच म्हणजे आतल्या सेलमध्ये किती साठा मावतो त्याचा आकडा), त्यामुळे बोलणी पण मलाच. मी आधी म्हटलं पिन नीट बसव. मग व्हिडिओ कॉलवर बघितलं तर बँकेचे चारही दिवे चालू, टॅबवर विजेची खूण, टक्के ३४, लेक्चर चालू, ब्राईटनेस फुल. अर्ध्या तासाने परत विचारलं तर ३१.

नंतर गावी गेलो तेव्हा बॅगेत तो केबलमधून किती वीज जातेय ते दाखवणारा अंगठ्याएवढा यूएसबी मीटर टाकला (तीनचारशे रुपयात मिळतो, एकदा घेतला की घरातल्या सगळ्या चार्जरांची कुंडली कळते). टॅबच्या बाजूला लावून बघितलं, ४.७१ व्होल्ट, ०.८४ अँपियर. दोन्हीचा गुणाकार म्हणजे वॉट, वीज किती वेगाने जातेय त्याचं माप, तो जेमतेम ४. आणि फुल ब्राईटनेसवर व्हिडिओ बघताना टॅबच ५ च्या आसपास खात होता. एका हाताने भरायचं आणि दोन हातांनी उपसायचं असला प्रकार. मग बँक तीच, टॅब तोच, फक्त केबल बदलली आणि आकडा झाला ५.०२ व्होल्ट, १.९२ अँपियर, साडेनऊ वॉटच्या वर. ताई म्हणाली एवढ्यासाठी दोन महिने पोरगी कटकट करत होती होय.

तर ज्यांनी नवीन टॅब घेतलाय, किंवा महाज्योती या सरकारी संस्थेकडून वगैरे पोरांना मिळालाय, आणि आता पॉवर बँकवर चालवायचाय, त्यांच्यासाठी हे सगळं बैजवार लिहितो. लांबण लागेल थोडी.

स्टेप १: आधी टॅबची भूक बघा

फोन आणि टॅब दोन्हीला पिन तीच लागते म्हणून आपण समजतो की मामला एकच आहे. नाहीये. साध्या फोनची बॅटरी ५००० एमएएच, म्हणजे १९ वॉट-अवरच्या आसपास (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते त्याचं माप). टॅबच्या पुढे गेलो की सॅमसंगच्या टॅब ए ८ किंवा ए ९ प्लसमध्ये ७०४० एमएएच, शाओमी पॅड ६ मध्ये ८८४०, दहाव्या पिढीच्या आयपॅडमध्ये २८.६ वॉट-अवर, आणि तो मोठा १२.९ इंची आयपॅड प्रो तर ४० च्या वर. वरून स्क्रीन एवढी मोठी, तिला उजेड द्यायला बॅटरी जाते ती वेगळी.

आता टॅबसोबत आलेला (किंवा कंपनीने सांगितलेला) अॅडॉप्टर हातात घ्या आणि त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून झूम करा, मी तेच करतो, चाळिशी लागलीय. "इनपुट" वाली ओळ सोडा, ती भिंतीतल्या २३० व्होल्टची. "आउटपुट" वाली ओळ बघा. तिथे व्होल्ट आणि अँपियर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. ५ व्होल्ट २ अँपियर म्हणजे १० वॉट. ९ व्होल्ट १.६७ अँपियर म्हणजे १५ वॉट. ९ व्होल्ट २.२२ अँपियर म्हणजे २० वॉट. हा जो आकडा आला तो टॅबची भूक समजा आणि वहीवर, भिंतीवर, कुठंही लिहून ठेवा. पुढे दुकानात तोच कामाला येणार आहे.

ही भानगड जुनी आहे बरं. २०१० साली पहिला आयपॅड आला तो १० वॉटचा अॅडॉप्टर घेऊन, तेव्हा आयफोनचा ५ वॉटचा असायचा. लोक आयपॅड कम्प्युटरच्या यूएसबीला लावायचे आणि वर "नॉट चार्जिंग" असं यायचं, लोकांना वाटायचं पीस खराब आला. पीस बरोबर होता, कम्प्युटरचं जुनं यूएसबी पोर्टच अर्धा अँपियर द्यायचं, म्हणजे अडीच वॉट, त्यात एवढं धूड कुठं भरणार.

स्टेप २: बँक वाचायला शिका

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात आणि मी पण फसलो.

बँकेवर मोठ्या अक्षरात १०००० एमएएच लिहिलेलं असतं. माझं गणित सरळ होतं, टॅब ७०००, बँक १००००, म्हणजे एकदा फुल होऊन वर ३००० उरले. चुकलं. ते १०००० आतल्या सेलचे आहेत, आणि सेल ३.७ व्होल्टचा असतो. बाहेर पिनेतून मात्र ५ व्होल्ट किंवा ९ व्होल्ट द्यावे लागतात. म्हणजे विहिरीतलं पाणी मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, वर चढवताना काही सांडणार, काही मोटर स्वतः खाणार. म्हणून एमएएचवर हिशोब करूच नका, वॉट-अवरवर करा. १०००० गुणिले ३.७ भागिले १००० म्हणजे ३७ वॉट-अवर. २०००० ची बँक म्हणजे ७४. यातले बँकेतून बाहेर पडेपर्यंत दहा पंधरा टक्के गेले, टॅबच्या आत बॅटरीत शिरेपर्यंत अजून तेवढेच गेले. राहिले ३७ मधले २७, २८. आणि ७०४० वाल्या टॅबची बॅटरी आहे साधारण २७ ची. म्हणजे १०००० ची नवीकोरी चांगली बँक टॅबला जेमतेम एकदा भरते, ते पण टॅब बंद असेल तर. लेक्चर बघत बघत भरलात तर ६० ते ७० टक्के चढले की बँक झोपली. वर्ष दोन वर्ष जुनी बँक असेल तर अजून कमी.

कंपन्या खोटं बोलतात असं नाही, बँकेच्या पाठीवर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात "रेटेड कपॅसिटी" म्हणून खरा आकडा असतो, १०००० वाल्यावर बहुतेक ५८०० ते ६५०० च्या मधे काहीतरी, ५ व्होल्टला. तो वाचा. जिथे रेटेड कपॅसिटी छापलेलीच नाही ती बँक मी तरी हातात घेत नाही.

टॅबसाठी म्हणून घेत असाल तर २०००० घ्या. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास जातं, खिशात मावत नाही, पण टॅब कुठं खिशात मावतो.

आता भोकं. बँकेला दोन तीन पोर्ट असतात आणि सगळी सारखी नसतात. जुन्या बँकांना एक चौकोनी मोठं पोर्ट १ अँपियरचं आणि दुसरं २.१ किंवा २.४ चं असायचं, बाजूला फोन आणि टॅबचं चित्र पण काढलेलं असायचं, कोण बघतंय. भाचीने नेमकी १ अँपियरवाल्या भोकात घातलेली. म्हणजे तिच्याकडे दोन चुका एकावर एक होत्या, भोक पण आणि केबल पण, केबलसोबत मी भोक पण बदललं होतं हे वर सांगायचं राहिलं.

नवीन बँकेला सी टाईप पोर्ट असतं आणि त्याच्यावर "पीडी" लिहिलेलं असतं, म्हणजे पॉवर डिलिव्हरी. यात बँक आणि टॅब आधी आपसात बोलून घेतात, बँक म्हणते माझ्याकडे ५ आहे, ९ आहे, १२ आहे, टॅब म्हणतो मला ९ दे, मग सौदा ठरतो. कुणाचंच नुकसान होत नाही, त्यामुळे "जास्त वॉटची बँक लावली तर टॅब जळेल का" हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. टॅब जेवढं मागतो तेवढंच घेतो. ६५ वॉटची बँक लावली तरी १५ वॉटचा टॅब १५ च घेणार. उलटं मात्र खरं आहे, कमी वॉटची लावली तर उपाशी राहणार.

एक चकवा सांगतो. खोक्यावर "२२.५ वॉट फास्ट चार्जिंग" असं मोठं लिहिलेलं असतं. तो २२.५ चा आकडा बहुतेक वेळा ठराविक कंपन्यांच्या फोनच्या पद्धतीचा असतो, १० व्होल्ट २.२५ अँपियर वाला, तो तुमच्या आयपॅडला किंवा सॅमसंगला मिळेलच असं नाही. पाठीमागे पीडीची ओळ वेगळी शोधा, तिथे १८ किंवा २० वॉट लिहिलेलं असेल, तुमच्या कामाचा आकडा तो. आणि आणखी एक, दोन वस्तू एकदम लावल्या की बऱ्याच बँका फास्ट चार्जिंग सोडून सगळ्या पोर्टांना मिळून ५ व्होल्टवर येतात. म्हणजे टॅब मस्त चाललेला असतो, तेवढ्यात भाऊजी येऊन बाजूच्या भोकात आपला फोन खोचतात आणि टॅब गारठतो. टॅब लावलाय तर एकट्यालाच जेवू द्या.

विकत घेताना मागे बीआयएसचा, म्हणजे सरकारच्या भारतीय मानक ब्युरोचा, रजिस्ट्रेशन नंबर बघा, आर अक्षर आणि पुढे आठ आकडे. भारतात पॉवर बँकेला हे रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे. बीआयएस केअर नावाचं सरकारी अॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कुठल्या कंपनीचा आहे ते दाखवतं, दुकानात उभ्या उभ्या एक मिनिटाचं काम. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. बिल घ्या.

फुटपाथवर पाचशे रुपयात पन्नास हजार एमएएचची पातळ बँक दिसली तर फक्त एवढा विचार करा, बँकेत जे गोल सेल असतात ना, बॅटरीवाल्या टॉर्चमध्ये असतात तसले १८६५० नंबरचे, त्यातला चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारच्या आसपास जातो. म्हणजे वीस हजारला किमान सहा सेल, पन्नास हजारला चौदा पंधरा. त्या पातळ डब्यात पंधरा सेल कुठं बसवले ते त्यालाच विचारा. चपटे पाऊचवाले सेल असले तरी जागा आणि वजन काही हवेत जात नाही.

स्टेप ३: केबल, म्हणजे खरा चोर

माझ्या मते दहापैकी सात तक्रारी केबलच्या असतात (हा माझा अंदाज, सर्वे नाही). बाहेरून सगळ्या केबली सारख्या दिसतात पण आतली तांब्याची तार कुणाची सुतळीएवढी तर कुणाची केसाएवढी. बारीक तारेतून जास्त करंट ओढला की व्होल्टेज तिथेच मरतं, टॅबला ते कळतं आणि तो आपणहून कमी ओढायला लागतो. भाचीची केबल इअरफोनच्या डबीसोबत आलेली होती. इअरफोनला ती पुरते, टॅबला कशी पुरणार. आणि दोन मीटरची लांब केबल, जी आपल्याला पलंगावर लोळून वापरायला आवडते, ती स्वस्तातली असेल तर टॅबला हमखास मारते. एक मीटर बास.

बँकेला सी टाईप पोर्ट आणि टॅबला पण सी टाईप असेल तर सी टू सी केबल घ्या. साध्या चांगल्या सी टू सी केबलमधून ३ अँपियर, म्हणजे ६० वॉटपर्यंत जातं, टॅबला ते भरपूर झालं. १०० वॉट, २४० वॉट असं लिहिलेली महागडी केबल लॅपटॉपवाल्यांसाठी, टॅबसाठी उगाच पैसे घालू नका. जुना लायटनिंग पिनचा आयपॅड असेल, नववी पिढी किंवा त्याआधीचा, तर चौकोनी यूएसबी टू लायटनिंगवर १२ वॉटच्या आसपास मिळतं, तेवढ्यावर चालतं, पण सी टू लायटनिंग असेल तर बरं.

ताईकडे आता टॅबच्या केबलला लाल चिकटपट्टी लावून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलीय आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की लाल केबलला हात लावायचा नाही.

स्टेप ४: आता जोडा

बँक आधी फुल भरलेली पाहिजे हे सांगायला नको पण सांगतो, कारण वीस हजारची बँक साध्या १० वॉटच्या चार्जरवर भरायला नऊ दहा तास लागतात. लाईट गेल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. रात्री झोपताना लावा. १८ वॉटचा चार्जर असेल आणि बँक तेवढं घेत असेल तर पाच सहा तासात होतं. टीव्हीच्या पाठीमागच्या यूएसबीला लावून भरायचं असेल तर दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा.

मग केबल आधी बँकेत, नंतर टॅबमध्ये. आपोआप चालू झालं नाही तर बँकेचं बटण एकदा दाबा. टॅबवर विजेची खूण आली म्हणजे झालं असं समजू नका, भाचीच्या टॅबवर पण ती खूण होतीच. वर लिहिलेलं वाचा, अँड्रॉइडमध्ये "फास्ट चार्जिंग" किंवा "सुपर फास्ट" असं येतं, नुसतं "चार्जिंग" असेल आणि "पूर्ण व्हायला ७ तास" असं दाखवत असेल तर पोर्ट किंवा केबल बदला. मीटर नसेल तर घड्याळ आहेच. टक्के लिहून घ्या, स्क्रीन बंद करा, वीस मिनिटांनी बघा. ७०४० वाला टॅब १५ वॉटवर असेल तर वीस मिनिटात १४, १५ टक्के चढायला पाहिजेत, १० वॉटवर १० च्या आसपास, आणि तीनचारच चढले तर कुठंतरी पाणी मुरतंय.

एक गंमत मात्र सी टू सी केबलमध्ये होते आणि ती पहिल्यांदा झाली की माणूस चक्रावतो. सी टाईपला दिशा नसते, दोन्ही बाजूंनी वीज जाऊ शकते, बँकेचं सी पोर्ट पण घेणारं आणि देणारं दोन्ही. त्यामुळे कधी कधी उलटाच सौदा ठरतो आणि टॅबच बँकेला चार्ज करायला लागतो! माझ्यासोबत रेल्वेत झालं, रत्नागिरीहून निघताना टॅब ५० टक्के, बँकेला लावून पिशवीत टाकला, आणि पनवेलला काढला तर टॅब १९ वर आणि बँकेचे दिवे वाढलेले. असं झालं तर केबल काढून परत लावा, आधी बँकेचं बटण दाबा मग टॅबला जोडा. अँड्रॉइडमध्ये वरून नोटिफिकेशन ओढलं की यूएसबीची ओळ दिसते, त्यात "हे डिव्हाइस चार्ज करा" आणि "जोडलेलं डिव्हाइस चार्ज करा" असे पर्याय असतात, तिथे बदलता येतं. आणि वैताग आला तर चौकोनी पोर्टातून ए टू सी केबल लावा, ती एकाच दिशेने देते, वेग कमी असेल पण उलटी गंगा वाहणार नाही.

टॅब पूर्ण मेलेला असेल, म्हणजे बटण दाबलं तरी काळा, तर लावल्या लावल्या काही दिसणार नाही. घाबरून पिन काढघाल करू नका. तळाला गेलेली बॅटरी आधी अगदी हळूहळू भरली जाते, पंधरा वीस मिनिटं, कधी अर्धा तास, मग खूण येते.

स्टेप ५: बँक पुरवून कशी वापरायची

लाईट नाही आणि बँकेतली वीज मोजकी आहे तेव्हा ती स्क्रीनवर उधळायची नाही. जेवायला गेलात, आंघोळीला गेलात, तेवढा वेळ स्क्रीन बंद करून चार्जिंगला लावा, तो अर्धा तास लेक्चर बघत लावलेल्या तासाभराच्या बरोबरीचा आहे. लेक्चर चालू ठेवायचंच असेल तर ब्राईटनेस अर्ध्यावर आणा, रात्री तेवढा पुरतो. लेक्चर डाउनलोड करता येत असेल तर वायफाय असताना करून ठेवा आणि फ्लाईट मोड टाका, गावात रेंज एक कांडी असते तेव्हा टॅब टॉवर शोधण्यात बॅटरी जाळत बसतो.

आणि १०० टक्क्यांचा हट्ट सोडा. शेवटचे वीस टक्के टॅब मुद्दाम हळू भरतो, बॅटरी सांभाळायला, तेवढा वेळ बँक नुसती अडकून पडते. २० ते ८० मधे खेळवत ठेवलं तर वीस हजारच्या बँकेवर भाचीचं दोन दिवसांचं काम निघतं, दिवसाला चार पाच तास टॅब धरून.

बँक चार्जिंगला लावून त्याच वेळी तिच्यातून टॅब चार्ज करणं काही बँकांना जमतं, काहींना नाही. जमत असलं तरी बँक तापते, मी नेहमीसाठी करत नाही.

तापण्यावरून आठवलं. थोडी कोमट होणं नॉर्मल आहे, पाण्याच्या टाकीची मोटर पण चालू असताना गरम लागतेच. पण हातात धरवत नाही इतकी तापली तर लगेच काढा. उशीखाली, गोधडीत, बंद दप्तरात लावून ठेवू नका, पोरं नेमकं हेच करतात. मे महिन्यात मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीत ४२, ४३ डिग्री असतं, तिथे टॅब स्वतःच चार्जिंग थांबवतो, आयपॅडला तर अॅपलने ३५ डिग्रीपर्यंतच वापरा म्हणून सांगितलंय. बिघडला नाहीये, माठाजवळच्या फरशीवर सावलीत ठेवा, कव्हर काढा, दहा मिनिटात परत सुरू होतो. फ्रीजमध्ये ठेवू नका. हसू नका, आमच्याकडे एकाने ठेवलाय, बाहेर काढल्यावर आतून दव धरलं.

प्रवासात

एसटीत सीटजवळ चार्जिंग पोर्ट असलं तरी चालू असेलच याची खात्री नाही, त्यामुळे बँक हवीच. ट्रेनमध्ये स्लीपरच्या सॉकेटला मोबाईलवाल्यांची रांग असते, बँक भरलेली असली की भांडणात पडावं लागत नाही. वारीत जाणारे आमचे एक काका दोन दहा दहा हजारच्या बँका नेतात, एक वापरात आणि एक मुक्कामाच्या ठिकाणी भरायला, मला ती आयडिया वीस हजारच्या एका धोंड्यापेक्षा बरी वाटली, फक्त भरायला ठेवलेल्या बँकेवर नाव लिहून चिकटपट्टी मारायची, नाहीतर सगळ्या काळ्या बँका एकसारख्याच दिसतात.

विमानात बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, स्कॅनरमध्ये दिसली की बॅग उघडायला बोलावतात. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, म्हणजे २०००० वाली (७४) आरामात, २७००० वाली काठावर. १०० ते १६० ला एअरलाईनची परवानगी लागते. त्याच्या वर नाहीच. बँकेवर वॉट-अवर छापलेले वाचता आले पाहिजेत, घासून गेलेले असतील तर सुरक्षेवाला ठेवून घेऊ शकतो. आणि विमानात बसल्यावर तिच्यातून टॅब चार्ज करायचा बेत असेल तर आधी एअरलाईनचा नियम बघा, दुबईला जाणाऱ्यांना ठाऊक असेल, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून एक बँक जवळ ठेवायला परवानगी दिलीय पण विमानात वापरायला बंदी केलीय. घरून टॅब फुल करून निघालेलं बरं.

बँक सांभाळणं आणि टाकणं

वापरात नसेल तर अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी करून कपाटात टाकली आणि सहा महिन्यांनी काढली तर मेलेली निघते. दोन तीन महिन्यातून एकदा थोडी भरायची, पावसाळ्याच्या आधी एकदा नक्की. पडली, चेपली, पाण्यात भिजली तर तिच्यावर परत भरवसा ठेवू नका.

आणि पोट फुगलं, झाकण उचललं गेलं, टेबलावर ठेवल्यावर भोवऱ्यासारखी फिरायला लागली, की संपलं. तिला दाबून बसवायचं नाही, टाचणी लावायची नाही, "अजून दिवे लागतायत की" म्हणून चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. माझी पहिली बँक अशीच फुगली होती. कोरड्या वाळूत पत्र्याच्या डब्यात घालून गच्चीवर सावलीत ठेवली, झाकण नुसतं वर टेकवलं, आणि शहरात ई-कचरा घेणारे येतात त्यांना दिली. घंटागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबतात आणि दाबला गेलेला लिथियम सेल पेट घेतो. गावात ई-कचऱ्याचं काही नसेल तर तालुक्याला जाताना जिथून घेतली त्या दुकानात विचारा, नाहीतर डबा तसाच गोठ्यापासून, कडब्यापासून लांब ठेवा आणि शहरातून कुणी आलं की त्याच्यासोबत पाठवा. ताईने तिच्या घरची जुनी बँक माझ्याच गाडीत घातली, परत येताना पूर्ण रस्ताभर काचा खाली ठेवून आलो.